परिकल्पना-चाचणीचा अर्थ : पुण्यातील फलज्योतिष-चाचणीच्या निमित्ताने

प्रस्तावना

संख्याशास्त्रीय अनुमानाची भाषा आज शिक्षणशास्त्रापासून कृषिशास्त्रापर्यंत सर्व विद्याशाखांच्या संशोधनात रूढ झाली आहे. पदव्युत्तर प्रबंधिका असो वा विद्यावाचस्पती पदवीचा प्रबंध, 'शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात आला' किंवा 'शून्य परिकल्पनेचा स्वीकार करण्यात आला' हे वाक्य त्यात हमखास आढळते. सूत्रात किंमत घालावी, कोष्टकातील किंमत पाहावी, दोहोंची तुलना करावी आणि निकाल लिहावा, एवढ्यावर हे काम पुष्कळदा आटोपते. कोकणात देवाला कौल लावताना पाकळी उजवीकडे पडली की डावीकडे, एवढेच पाहिले जाते. चाचणीचा वापरही बऱ्याच ठिकाणी त्याच वळणावर गेला आहे. फरक इतकाच की येथे पाकळीच्या जागी ०.०५ हा आकडा आहे. चाचणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते आणि कोणत्या प्रश्नाचे देत नाही, हा विचार या घाईत मागे पडतो.

या विचारासाठी दूरचे उदाहरण शोधण्याचे कारण नाही. डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली पुण्यात फलज्योतिषाची एक चाचणी आखली आणि तिचा वृत्तांत २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरवले होते, त्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये फेटाळली होती आणि फलज्योतिषाच्या शास्त्रीयतेचा वाद महाविद्यालयांच्या दारापर्यंत पोहोचला होता. अशा वातावरणात केवळ मतांची देवघेव न करता दावा प्रत्यक्ष पारखून पाहण्याचा हा प्रयत्न होता. मराठी समाजात झालेल्या जाहीर संख्याशास्त्रीय चाचण्यांत त्याचे स्थान वरचे आहे. तथापि या प्रयोगाचा उल्लेख होतो तो बहुधा एका वाक्यात: 'ज्योतिष्यांची उत्तरे नाणेफेकीपेक्षाही थोडी वाईट निघाली, म्हणून ज्योतिष खोटे ठरले.' या वाक्यातील 'थोडी', 'म्हणून' आणि 'खोटे ठरले' हे तिन्ही शब्द तपासण्यासारखे आहेत. प्रयोगाच्या रचनेचे गुण मान्य करूनही त्याचा अर्थ लावताना होणाऱ्या घाईचे परीक्षण करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रयोगाची रचना

प्रयोगासाठी दोन टोकांचे विद्यार्थी निवडण्यात आले. शालेय प्रगतीच्या आधारे बुद्धिमान ठरलेले १०० आणि विशेष शाळांतील बौद्धिकदृष्ट्या अक्षम, तेव्हाच्या रूढ शब्दात मतिमंद, असे १००. या २०० मुलांच्या जन्मवेळा व जन्मस्थळे मिळवून कुंडल्या तयार करण्यात आल्या. सहभागी होणाऱ्या प्रत्येक ज्योतिष्याला त्यांपैकी यादृच्छिक रीतीने निवडलेल्या ४० कुंडल्या द्यायच्या आणि प्रत्येक कुंडली बुद्धिमान मुलाची की मतिमंद मुलाची, एवढेच विचारायचे, असा बेत होता. ५१ ज्योतिष्यांनी कुंडल्या मागवल्या. त्यांपैकी २७ जणांनी उत्तरे पाठवली. ४० पैकी निदान २८ उत्तरे बरोबर आली तर ते यश मानायचे होते. सर्वाधिक अचूक उत्तरे २४ निघाली, तीही एकाच ज्योतिष्याची. दोघांची २२ आली. उरलेले २४ जण २० किंवा त्याहून खाली राहिले. सर्वांची सरासरी १७.२५ भरली. याखेरीज एका ज्योतिषसंस्थेने सर्व २०० कुंडल्या पाहिल्या आणि तिची १०२ उत्तरे बरोबर ठरली.

या रचनेचे मूळ आर. ए. फिशर यांच्या १९३५ सालच्या 'द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स' या ग्रंथातील चहाच्या प्रसिद्ध उदाहरणात आहे. कपात दूध आधी घातले की चहा आधी, हे आपण चवीवरून ओळखतो, असे एका बाईंचे म्हणणे. फिशर यांनी आठ कप सुचवले. चार एका प्रकारचे, चार दुसऱ्या प्रकारचे, मांडणी यादृच्छिक. आठांतून चार कप निवडण्याचे ७० प्रकार होतात व त्यांपैकी एकच पूर्णपणे बरोबर असतो. केवळ अंदाजाने सर्व कप ओळखले जाण्याची संभाव्यता ७० मध्ये १, म्हणजे सुमारे १.४ टक्के. प्रत्येक प्रकारातील तीन-तीन कप बरोबर येण्याचे मात्र १६ प्रकार आहेत. ते मोजले तर 'इतके किंवा याहून चांगले' यश अंदाजानेही २४ टक्के वेळा मिळेल. म्हणजे सहा कप बरोबर सांगणाऱ्या बाईंचे कौतुक करता येईल, पण त्यांच्या दाव्याला पुरावा मिळाला असे म्हणता येणार नाही.

या उदाहरणात संभाव्यतेचे गणित सोपे आहे. अवघड आहे ते गणिताआधीचे काम. ७० ही संख्या निसर्गाने दिलेली नाही. प्रयोग करणाऱ्याने कपांची मांडणी यादृच्छिक केली म्हणून ती आली. यादृच्छिकता नसेल तर शून्य परिकल्पनेखाली काय घडावे हे सांगताच येत नाही आणि मग कोष्टकातील किमतीला अर्थ उरत नाही. आपल्याकडील पुष्कळ सर्वेक्षणांत सोयीने जमवलेल्या नमुन्यावर चाचणी लावली जाते, तेव्हा नेमका हाच पाया गायब असतो.

पुण्यातील प्रयोगाने हा पाया घट्ट घातला होता. दोन्ही गट समान आकाराचे, कुंडल्यांची निवड यादृच्छिक, आणि कोणती कुंडली कोणाची हे उत्तर देणाऱ्याला कळू नये याचा बंदोबस्त. या रचनेचा एक सूक्ष्म गुण सहसा लक्षात येत नाही. समजा, एखाद्या ज्योतिष्याचा कल सर्वांना बुद्धिमान म्हणण्याकडे आहे. तरीही त्याची अपेक्षित अचूक उत्तरे २०च राहतात, कारण त्याच्या हाती आलेल्या प्रत्येक कुंडलीची बाजू ठरवणारा पासा प्रयोगाने टाकलेला आहे, त्याने नव्हे. 'शून्य परिकल्पनेखाली अचूकतेची संभाव्यता निम्मी' हे विधान ज्योतिष्याच्या स्वभावाविषयीचे गृहीतक नसून रचनेतून आलेले सत्य आहे. प्रश्नाची निवडही विचारपूर्वक केलेली होती. विवाहसौख्य, भाग्य, स्वभाव यांसारख्या विषयांत भाकिताला हवा तसा अर्थ देता येतो. येथे उत्तर दोनांपैकी एकच आणि ते पडताळण्याजोगे होते.

२८ ही मर्यादा

नाणे ४० वेळा उडवले तर छाप्यांची सरासरी २० व प्रमाण विचलन सुमारे ३.१६ येते. २८ किंवा अधिक छापे पडण्याची संभाव्यता ०.८३ टक्के आहे. २६ ही मर्यादा ठेवली असती तर ती सुमारे ४ टक्के झाली असती. म्हणजे प्रयोगकर्त्यांनी रूढ ५ टक्क्यांऐवजी १ टक्का पातळीच्या जवळची कडक मर्यादा निवडली. ५ टक्के ही पातळी फिशर यांच्या १९२५ सालच्या ग्रंथातील सोयीतून रूढ झाली. तिच्यात पावित्र्य असे काही नाही, त्यामुळे ती बदलण्यात गैर काहीच नाही. मात्र मर्यादा कडक करण्याची किंमत कोठेतरी मोजावी लागते. ही किंमत नीट दाखवून दिली ती जेर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांनी, १९३३ सालच्या त्यांच्या निबंधात.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: नुसत्या शून्य परिकल्पनेवरून चाचणी ठरवता येत नाही, तिच्यासमोर पर्यायी परिकल्पना उभी करावी लागते. शून्य परिकल्पना खरी असताना ती नाकारणे ही पहिल्या प्रकारची चूक. पर्यायी परिकल्पना खरी असताना शून्य परिकल्पना न नाकारणे ही दुसऱ्या प्रकारची. दुसरी चूक टाळण्याच्या क्षमतेला चाचणीचे सामर्थ्य म्हणतात. फिशर यांना ही मांडणी कधीच पटली नाही आणि उभयतांचा वाद अखेरपर्यंत मिटला नाही. पाठ्यपुस्तकांनी मात्र दोघांना एकाच प्रकरणात बसवले: सार्थकतेची किंमत फिशर यांची, 'स्वीकार' हा शब्द नेमन-पिअर्सन यांचा, आणि सामर्थ्याचा विचार कोणाचाच नाही. आजच्या प्रबंधांतील गोंधळाचे मूळ बऱ्याच अंशी या संकरात आहे.

आता २८ या मर्यादेचे सामर्थ्य पाहू. एखाद्या ज्योतिष्याला खरोखरच थोडे अंतर्ज्ञान आहे व तो दर १०० कुंडल्यांत सरासरीने ६० बरोबर ओळखतो, असे क्षणभर मानावे. हे कौशल्य लहान नव्हे. ते सिद्ध झाले तर विज्ञानाला पुष्कळ फेरविचार करावा लागेल. तथापि अशा ज्योतिष्याला ४० पैकी २८ गाठण्याची संधी केवळ १३ टक्के आहे. शंभरांतील ७० ओळखणारासुद्धा १०० पैकी सुमारे ४२ वेळा अनुत्तीर्ण होईल. ८० ओळखणारा मात्र ९५ टक्क्यांच्या आसपास उत्तीर्ण होईल. यावरून ही चाचणी ठाम दाव्याची परीक्षा घेण्यास समर्थ आणि माफक दाव्याची परीक्षा घेण्यास दुबळी होती, हे स्पष्ट होते. व्यवसायात ज्योतिषी जे दावे करतात ते बहुधा ठामच असतात, त्यामुळे मर्यादेची निवड अन्याय्य म्हणता येणार नाही. पण एकेका ज्योतिष्याविषयी 'तो २८ पर्यंत पोहोचला नाही, म्हणून त्याला काहीच येत नाही' असे अनुमान काढणे या चाचणीच्या आवाक्याबाहेरचे आहे.

याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची असून तिची चर्चा क्वचितच होते. ०.८३ टक्के ही संभाव्यता एका व्यक्तीसाठी आहे. २७ जणांनी नाणे उडवून उत्तरे दिली असती, तर त्यांपैकी निदान एकजण २८ गाठण्याची संभाव्यता सुमारे २० टक्के होते. कुंडल्या मागवणाऱ्या सर्व ५१ जणांनी उत्तरे पाठवली असती तर ती ३५ टक्के झाली असती. तसा एखादा ज्योतिषी निघाला असता तर दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांचा मथळा काय असता, याची कल्पना करणे कठीण नाही. आणि त्याच्या भिंतीवर ते प्रमाणपत्र कायमचे लागले असते. अनेकांची परीक्षा एकाच वेळी घेताना व्यक्तीसाठीची मर्यादा समूहासाठी पुरत नाही. एका प्रबंधात ३० चलांवर ३० चाचण्या लावून त्यांतील एक-दोन 'सार्थक' निघाल्यावर त्यांच्याभोवतीच निष्कर्षाचे प्रकरण रचणाऱ्यांनी हे गणित एकदा स्वतःच्या कोष्टकांवर करून पाहावे.

शॉन कार्लसन यांचा १९८५ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या संदर्भात आठवतो. तेथे ज्योतिष्यांना एका कुंडलीसाठी तीन व्यक्तिमत्त्व-वर्णने देऊन त्यांतून योग्य ते निवडायचे होते. अंदाजाने एकतृतीयांश यश मिळाले असते. ज्योतिष्यांचे स्वतःचे म्हणणे निदान निम्मे यश मिळेल असे होते. ११६ कुंडल्यांपैकी ४० बरोबर आल्या. अंदाजाने सुमारे ३९ याव्यात, दाव्यानुसार ५८. येथे पर्यायी परिकल्पना ज्योतिष्यांच्या तोंडूनच आधी वदवून घेतली होती, त्यामुळे निकाल केवळ 'अंदाजापेक्षा वेगळा नाही' एवढाच राहिला नाही. दाव्यापासून तो किती दूर आहे हेही सांगता आले. पुण्यातील प्रयोगात प्रत्येक सहभागी ज्योतिष्याकडून 'आपण ४० पैकी किती ओळखाल?' हे लेखी घेतले असते, तर चाचणीचे सामर्थ्य कोणत्या दाव्याविरुद्ध मोजायचे हा प्रश्न उरला नसता.

'नाकारता आले नाही' म्हणजे काय

शून्य परिकल्पना कधीच सिद्ध होत नाही, ती फार तर नाकारली जाते, असे फिशर यांनी चहाच्या त्याच उदाहरणात बजावले आहे. न्यायालय आरोपीला संशयाचा फायदा देऊन सोडते तेव्हा गुन्हा घडलाच नाही असा निवाडा देत नाही. संशोधनप्रबंधांतील 'शून्य परिकल्पनेचा स्वीकार' हा शब्दप्रयोग त्यामुळे दिशाभूल करणारा ठरतो. वीस विद्यार्थ्यांचे दोन गट घ्यावेत, नवी अध्यापनपद्धती एका गटावर वापरावी, फरक सार्थक न आल्यास 'दोन्ही पद्धती सारख्याच परिणामकारक आहेत' असे लिहावे, ही वाट सर्रास चोखाळली जाते. खरे तर इतक्या लहान नमुन्यात बराच मोठा फरकही निसटला असता, आणि तो निसटण्याची संभाव्यता किती होती हे आधी मोजलेलेच नसते.

मग पुण्यातील निकालावरून काहीच म्हणता येत नाही काय? तसे मुळीच नाही. फक्त त्यासाठी 'उत्तीर्ण की अनुत्तीर्ण' ही भाषा सोडून अंदाजाच्या मर्यादांकडे वळावे लागते. ज्योतिषसंस्थेची १०२ उत्तरे घ्यावीत. २०० पैकी १०२ म्हणजे ५१ टक्के. ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण ४४ ते ५८ टक्के येतात. संस्थेला ६० टक्के कुंडल्या ओळखता येतात हा माफक दावासुद्धा या मर्यादांच्या बाहेर पडतो. १ टक्का पातळीवर येथे ११७ ची मर्यादा लागली असती आणि ६० टक्के कौशल्य पकडण्याचे सामर्थ्य ४० कुंडल्यांवरील १३ टक्क्यांवरून ६९ टक्क्यांपर्यंत चढले असते. २०० कुंडल्या पाहणारी ही एकच संस्था म्हणूनच कोणत्याही एका ज्योतिष्याच्या तुलनेत अधिक बोलकी साक्ष देते, आणि प्रसिद्धीत तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही हे विशेष. ५१ टक्के हा आकडा नाट्यमय नाही, एवढेच त्याचे कारण असावे.

विश्वासमर्यादा दिल्याने आणखी एक लाभ होतो. वाचकाला स्वतःचा प्रश्न त्यांवर विचारता येतो. ५२ टक्के कौशल्य असू शकेल काय? या आकड्यांवरून नाकारता येत नाही. पण १०० मुलांत दोन कुंडल्या जास्त ओळखणारे शास्त्र घेऊन कोणी मुलाच्या शिक्षणाचा निर्णय घेईल काय, हा प्रश्न मग संख्याशास्त्राचा राहत नाही, व्यवहाराचा होतो, आणि त्याचे उत्तर कोणत्याही पालकाला देता येते. सार्थकता आणि महत्त्व हे दोन वेगळे विषय आहेत. अमेरिकन संख्याशास्त्रीय संघटनेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनात हेच पुन्हा सांगावे लागले: सार्थकतेची किंमत ही परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता नव्हे, आणि ती परिणामाचा आकारही सांगत नाही.

१७.२५ चे काय करायचे?

आता सर्वांत अडचणीचा आकडा. २७ ज्योतिष्यांची सरासरी १७.२५, म्हणजे अपेक्षेपेक्षा पावणेतीन उत्तरे कमी. '२० च्या आसपास, थोडे कमी' म्हणून हा आकडा सहज सोडून दिला जातो. एका ज्योतिष्याच्या बाबतीत हे ठीकच आहे; प्रमाण विचलन ३.१६ असताना १७ उत्तरे येणे हे रोजचेच. परंतु १७.२५ ही २७ जणांची सरासरी आहे. सरासरीची प्रमाण त्रुटी ३.१६ भागिले २७ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.६१ येते. या मापाने १७.२५ हा आकडा २० पासून साडेचार प्रमाण त्रुटी दूर आहे! प्रत्येक उत्तर स्वतंत्र नाणेफेक असते तर खालच्या दिशेला इतकी दूरची सरासरी सुमारे तीन लाखांत एकदा यावी. वितरणही तेच सांगते: २० पेक्षा जास्त गुण मिळवणारे २७ पैकी सुमारे १२ जण असायला हवे होते, प्रत्यक्षात तिघेच होते.

यातला पेच असा. सरासरी १७.२५ ऐवजी तितकीच वर, म्हणजे २२.७५ आली असती, तर 'थोडे जास्त, नाणेफेकीसारखेच' असे म्हणून कोणी ती सोडून दिली असती काय? फलज्योतिषाच्या समर्थकांनी तिला शास्त्रीय सिद्धीच म्हटले असते, आणि विवेकवादी संख्याशास्त्रज्ञांनी कुंडल्यांचे वाटप, माहितीची गळती, उत्तरांची नोंद यांची कसून तपासणी केली असती. ती तपासणी योग्यच झाली असती. मग खालच्या बाजूचा तितकाच मोठा फरक तपासणीविना का जावा? नावडता निकाल आला की पद्धतीची चिकित्सा आणि आवडता आला की निकालाचा स्वीकार, ही वृत्ती फलज्योतिषात निषिद्ध आणि संख्याशास्त्रात क्षम्य, असे मानता येणार नाही.

या फरकाचे स्पष्टीकरण ज्योतिष्यांच्या उलट्या कौशल्यात शोधण्याचे अर्थातच कारण नाही. अधिक संभवनीय कारण गणिताच्या एका गृहीतकात आहे आणि ते अध्यापनाच्या दृष्टीने फार उपयुक्त आहे. २७ जणांची १,०८० उत्तरे स्वतंत्र नव्हती. कुंडल्या एकूण २०० च. त्यांतून ४०-४० वाटल्या गेल्या, म्हणजे प्रत्येक कुंडली सरासरीने पाचाहून अधिक ज्योतिष्यांच्या हाती गेली असणार. शिवाय ज्योतिषी एकाच परंपरेतील नियम वापरतात. बुध बलवान असेल तर बुद्धी तल्लख, अमुक स्थान पीडित असेल तर मांद्य, अशा समान नियमांनी एखादी कुंडली चुकली तर ती पाचही जणांकडून चुकेल. नाणी २७ नव्हेत, एकमेकांना बांधलेली होती. टोकाची कल्पना करून सर्वांनी अगदी एकच नियम वापरला असे मानले, तर माहिती फार तर २०० कुंडल्यांची उरते, आणि ४३ टक्क्यांचे ५० पासूनचे अंतर साडेचारांवरून जेमतेम दोन प्रमाण त्रुटींवर येते. ते मग आश्चर्यकारक राहत नाही. वास्तव या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असणार. कोठे, हे कुंडलीनिहाय उत्तरांचे कोष्टक मांडले तरच कळेल. काही कुंडल्यांना उत्तरच दिले गेले नसेल आणि ते चुकीत मोजले गेले असेल, तर सरासरी आपोआप खाली येईल. तीही शक्यता त्याच कोष्टकातून तपासता येते.

सर्व उत्तरे एकत्र करून काढलेला निकाल वरच्या दिशेनेही या परस्परावलंबनामुळे तितकाच सैल होतो, हे येथे विसरून चालणार नाही. 'हजारावर उत्तरांचा पुरावा' असे म्हणताना त्या हजारांची प्रभावी संख्या काही शेकडाच असू शकते. शेतीप्रयोगात एकाच वाफ्यातील शंभर रोपे मोजून नमुना शंभराचा मानणारा विद्यार्थी, किंवा एकाच वर्गातील साठ मुलांना साठ स्वतंत्र निरीक्षणे समजणारा शिक्षणशास्त्राचा संशोधक, हीच चूक करत असतो. यादृच्छिक वाटप वाफ्याचे वा वर्गाचे झालेले असते, रोपाचे वा मुलाचे नव्हे.

न आलेल्या उत्तरांविषयी थोडक्यात. ५१ पैकी २४ जणांनी उत्तरे पाठवली नाहीत. ज्यांना आत्मविश्वास कमी तेच गळाले असे मानले, तर उरलेल्यांचा निकाल सर्वांच्या सरासरीपेक्षा चांगला असावा. तो तसा नव्हता. म्हणून गळतीचा आधार घेऊन निकाल ज्योतिष्यांच्या बाजूला झुकवणे कठीण आहे. मात्र हे २७ जण महाराष्ट्रातील सर्व ज्योतिष्यांचा यादृच्छिक नमुना नव्हते, ते स्वेच्छेने आलेले होते. कुंडल्यांची निवड यादृच्छिक असल्याने 'या २७ जणांना ओळखता आले की नाही' याचे अनुमान भक्कम आहे. 'ज्योतिष्यांना ओळखता येते की नाही' हे विधान त्याच भक्कमपणाने करता येत नाही. 'आमच्यातले जाणकार आलेच नाहीत' या आक्षेपाला संख्याशास्त्राकडे उत्तर नाही. त्याला उत्तर आहे ते एवढेच की जाणकारांनी पुढच्या वेळी यावे, आणि किती ओळखणार ते आधी लिहून द्यावे.

पदवीच्या वर्गात हा प्रयोग शिकवायचा झाल्यास सूत्रापासून सुरुवात करण्याची गरज नाही. सत्तावीस विद्यार्थ्यांनी प्रत्येकी ४० वेळा नाणे उडवून छापे फळ्यावर मांडावेत. तीन-चार विद्यार्थ्यांचे छापे २४ किंवा त्याहून अधिक निघतील, बाराजण २० च्या वर असतील, आणि वर्गाची सरासरी बहुधा १९ ते २१ च्या दरम्यान पडेल. त्या आकड्यांशेजारी पुण्यातील आकडे लिहावेत. मग सर्वांना एकाच नाण्याची फेक वाटून घ्यायला सांगावे, म्हणजे २०० फेकींची एक यादी करून तिच्यातून प्रत्येकाने ४० घ्याव्यात व सर्वांनी पूर्वी ठरवलेल्या एकाच अंदाजाशी त्या ताडून पाहाव्यात. वर्गाची सरासरी आता प्रत्येक खेपेला पहिल्यापेक्षा बरीच अधिक हेलकावे खाईल; एखाद्या खेपेला ती १८ च्या खाली गेलेलीही विद्यार्थ्यांना दिसेल.